भारतरत्न व पद्म पुरस्कार : त्यांचे वर्ग, त्यांची चिन्हे आणि त्यांचा अर्थ

प्रजासत्ताक दिन जवळ आला म्हणजे वृत्तपत्रांतून राष्ट्रीय सन्मानांची यादी प्रसिद्ध होते. शाळेतील फलकावर ती उतरवली जाते, परिपाठाच्या वेळी वाचून दाखवली जाते आणि सामान्यज्ञानाच्या तासाला मुले ती पाठही करतात. परंतु या सन्मानांच्या पायऱ्या किती, त्यांची पदके कशी असतात, ती कोणास व कशासाठी मिळतात, याची नीट माहिती नसल्यामुळे ही पाठांतरे बहुधा नावांच्या यादीपलीकडे जात नाहीत.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. एखाद्या थोर कार्यकर्त्यास शाळा वार्षिक समारंभासाठी पाहुणे म्हणून बोलावते. निमंत्रणपत्रिका छापली जाते, कमानीवर कापडी फलक लागतो आणि दोहोंवर पाहुण्यांच्या नावाच्या आधी ठळक अक्षरांत 'पद्मश्री' असा शब्द लिहिलेला असतो. लिहिणाराचा हेतू केवळ आदराचा असतो, यात शंका नाही. तथापि ज्या सन्मानाचा आपण असा उल्लेख करतो, त्याच्याच नियमांत हा उल्लेख बसत नाही. तो का बसत नाही, हे समजून घेतले म्हणजे या सन्मानांचे खरे स्वरूप ध्यानात येते. एवढेच नव्हे, तर आपल्या राज्यघटनेतील समतेचे एक तत्त्व मुलांपुढे मांडण्याची उत्तम संधीही मिळते.

पदव्यांचा काळ आणि अनुच्छेद १८

इंग्रजी अमदानीत सरकारकडून पदव्या दिल्या जात. रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर, खानबहादूर, सर ही नावे जुन्या कागदपत्रांत आजही आढळतात. 'स्टार ऑफ इंडिया' हा सन्मानवर्ग १८६१ साली व 'इंडियन एम्पायर' हा १८७८ साली इंग्रज राज्यकर्त्यांनी स्थापन केला. या पदव्या नावाला जोडल्या जात व त्यायोगे गावात, दरबारात आणि कचेरीत त्या मनुष्याचे स्थान इतरांहून वेगळे ठरे. पदवी देणारे सरकार परके असल्याने ती पुष्कळदा राजनिष्ठेचे बक्षीस ठरत असे. म्हणूनच जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर रवींद्रनाथ टागोरांनी १९१९ साली 'सर' ही पदवी नाकारली आणि असहकाराच्या आरंभी, १९२० साली, गांधीजींनी 'कैसर-इ-हिंद' हे पदक परत केले.

स्वतंत्र भारताची राज्यघटना तयार झाली तेव्हा या अनुभवाचा विसर पडला नव्हता. घटनेच्या अनुच्छेद १८ अन्वये पदव्या नष्ट करण्यात आल्या. राज्यसंस्थेने सैनिकी किंवा शैक्षणिक विशेषोपाधी वगळता अन्य कोणतीही पदवी देऊ नये आणि भारताच्या नागरिकाने परकीय राज्याकडून पदवी स्वीकारू नये, असे हा अनुच्छेद सांगतो.

हा अनुच्छेद घटनेत कोठे आहे, तेही शिक्षकांनी पाहण्यासारखे आहे. समतेच्या हक्काचे अनुच्छेद १४ ते १८ असे आहेत. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ आणि पदव्या नष्ट करणारा अनुच्छेद १८ हे लगतचे आहेत. एक माणसावर लादलेले खोटे नीचत्व काढून टाकतो, तर दुसरा माणसास चिकटवलेले खोटे उच्चत्व. दोन्ही मिळून नागरिकाचे नाव निर्मळ व समान पातळीवर आणून ठेवतात.

मग प्रश्न असा येतो की, जेथे पदव्या नाहीत तेथे मोठ्या सेवेचा गौरव राष्ट्राने करावयाचा तरी कसा? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच १९५४ साली स्थापन झालेले नागरी सन्मान होत.

स्थापना व वर्ग

२ जानेवारी १९५४ रोजी राष्ट्रपतींच्या सचिवालयाने काढलेल्या अधिसूचनेद्वारे दोन सन्मान स्थापन करण्यात आले. पहिला 'भारतरत्न' आणि दुसरा 'पद्मविभूषण'. आज जे तीन पद्म पुरस्कार आपण निरनिराळ्या नावांनी ओळखतो, ते त्या वेळी एकाच पद्मविभूषणाचे तीन वर्ग होते आणि त्यांना पहिला वर्ग, दुसरा वर्ग व तिसरा वर्ग अशीच साधी नावे होती. एका वर्षाने, ८ जानेवारी १९५५ रोजी, या वर्गांना स्वतंत्र नावे मिळाली. पहिल्या वर्गास पद्मविभूषण, दुसऱ्यास पद्मभूषण व तिसऱ्यास पद्मश्री असे म्हणू लागले. शांतताकालीन शौर्यासाठी असलेल्या अशोकचक्राच्या तीन वर्गांचेही पुढे १९६७ साली असेच नामांतर होऊन अशोकचक्र, कीर्तिचक्र व शौर्यचक्र ही नावे रूढ झाली.

आज नागरी सन्मानांच्या पायऱ्या वरून खाली पुढीलप्रमाणे आहेत.

१. भारतरत्न : हा देशातील सर्वोच्च नागरी सन्मान होय. आरंभी तो कला, साहित्य, विज्ञान व सार्वजनिक सेवा या क्षेत्रांपुरता होता. डिसेंबर २०११ पासून मानवी प्रयत्नांच्या कोणत्याही क्षेत्रातील सर्वोच्च कामगिरीसाठी तो देता येतो.

२. पद्मविभूषण : असाधारण व विशिष्ट सेवेसाठी.

३. पद्मभूषण : उच्च कोटीच्या विशिष्ट सेवेसाठी.

४. पद्मश्री : विशिष्ट सेवेसाठी.

या शब्दांतील क्रम लक्षात घ्यावा. 'विशिष्ट सेवा' हा पाया तिन्ही पद्म पुरस्कारांस समान आहे. भेद आहे तो तिच्या उंचीचा. वंश, व्यवसाय, हुद्दा किंवा स्त्री-पुरुष असा कोणताही भेद या सन्मानांच्या आड येत नाही.

खालची पायरी चढल्यावाचून वरची मिळत नाही, असाही नियम नाही. पद्म पुरस्कार मिळालेल्या व्यक्तीस त्याहून वरचा पद्म पुरस्कार सामान्यतः किमान पाच वर्षांनंतरच देता येतो; परंतु अतिशय योग्य प्रसंगी ही अट शिथिल करता येते. पंडित भीमसेन जोशी यांनी या चारही पायऱ्या क्रमाने पाहिल्या. १९७२ साली पद्मश्री, १९८५ साली पद्मभूषण, १९९९ साली पद्मविभूषण आणि २००९ साली भारतरत्न. उलट १९५४ साली प्रथमच भारतरत्न देण्यात आले तेव्हा चक्रवर्ती राजगोपालाचारी, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन व डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन हे तिघे थेट त्या सर्वोच्च पायरीवरच सन्मानित झाले. त्यांतील राधाकृष्णन व रामन हे दोघे अध्यापक होते, ही गोष्ट शिक्षकांस विशेष अभिमानाची वाटेल.

पदकांचे स्वरूप

भारतरत्नाचे पदक प्रथम गोल, सुवर्णाचे व ३५ मिलिमीटर व्यासाचे असावे, असे १९५४ च्या अधिसूचनेत म्हटले होते. पुढल्याच वर्षी ती कल्पना बदलली आणि आजचे रूप ठरले. आजचे पदक पिंपळाच्या पानाच्या आकाराचे आहे. त्याची लांबी सुमारे ५.८ सेंटिमीटर, रुंदी ४.७ सेंटिमीटर व जाडी ३.१ मिलिमीटर असते. पान काशाचे असून त्याच्या दर्शनी बाजूवर किरणे पसरलेला सूर्य उठावाने कोरलेला असतो. या सूर्याचा व्यास १.६ सेंटिमीटर आहे. त्याखाली देवनागरी लिपीत 'भारत रत्न' हे शब्द असतात. मागील बाजूवर राष्ट्राची राजमुद्रा म्हणजे सारनाथची सिंहमुद्रा आणि 'सत्यमेव जयते' हे बोधवाक्य असते. सूर्य, राजमुद्रा आणि पानाची कड ही प्लॅटिनमची, तर अक्षरे झळाळी दिलेल्या काशाची असतात. हे पदक पांढऱ्या फितीने गळ्यात धारण करतात.

पद्म पुरस्कारांची तिन्ही पदके एकाच घडणीची आहेत. मुख्य आकार गोल असून त्यावर भूमितीतील आकृतीची रचना बसवलेली असते. गोल भागाचा व्यास सुमारे ४.४ सेंटिमीटर व जाडी सुमारे ३.२ मिलिमीटर असते. दर्शनी बाजूवर मधोमध कमळाचे फूल, त्याच्या वर 'पद्म' हा शब्द आणि खाली 'विभूषण', 'भूषण' अथवा 'श्री' यांपैकी वर्गाप्रमाणे जो असेल तो शब्द असतो. मागे पुन्हा राजमुद्रा व बोधवाक्य. तिन्ही पदके काशाचीच. भेद आहे तो उठावाच्या कामात. पद्मविभूषणावरील उठाव पांढऱ्या सोन्याचा, पद्मभूषणावरील सोन्याचा आणि पद्मश्रीवरील न गंजणाऱ्या पोलादाचा असतो.

येथे एक गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्यावी. पदकांचा पाया चारही वर्गांत काशाचा आहे. या पदकांवर मुकुट नाही, कोणा राजाचे चित्र नाही, कोणत्याही घराण्याची खूण नाही. पिंपळाचे पान गावाच्या पारावर गळून पडलेले सापडते, कमळ तळ्यात उमलते आणि सूर्य सर्वांवर सारखाच उगवतो. प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च सन्मानासाठी निवडलेली चिन्हे ही अशी सर्वांच्या ओळखीची आहेत.

पदकाबरोबर राष्ट्रपतींची स्वाक्षरी व मुद्रा असलेली सनद दिली जाते. पद्म पुरस्काराच्या मानकऱ्यास पदकाची एक लहान प्रतिकृतीही मिळते. समारंभप्रसंगी ती धारण करता येते. या सन्मानांबरोबर रोख रक्कम दिली जात नाही आणि पद्म पुरस्कारामुळे रेल्वेच्या किंवा विमानाच्या प्रवासात सवलतही मिळत नाही.

निवड कशी होते

भारतरत्नाची शिफारस पंतप्रधान राष्ट्रपतींकडे करतात. त्यासाठी इतर कोणाच्या औपचारिक शिफारशीची आवश्यकता नसते. एका वर्षात सामान्यतः तीनच व्यक्तींना हा सन्मान देण्याचा संकेत आहे. तथापि २०२४ साली पाच नावे जाहीर झाली होती. मूळ नियमांत मरणोत्तर सन्मानाची तरतूद नव्हती. ती १९५५ साली करण्यात आली आणि १९६६ साली लालबहादूर शास्त्री यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. मरणोत्तर भारतरत्नाच्या मानकऱ्यांत आचार्य विनोबा भावे (१९८३) व डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१९९०) यांचा समावेश होतो.

पद्म पुरस्कारांसाठी पंतप्रधान दरवर्षी एक समिती नेमतात. मंत्रिमंडळ सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव व काही मान्यवर व्यक्ती सदस्य असतात. नावे प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने जाहीर होतात व राष्ट्रपती भवनातील समारंभात पदके प्रदान केली जातात. एका वर्षातील पद्म पुरस्कारांची संख्या, मरणोत्तर सन्मान व परदेशस्थ व्यक्ती वगळता, १२० हून अधिक असू नये असे बंधन आहे. सरकारी सेवेत असलेल्या व्यक्ती, डॉक्टर व शास्त्रज्ञ यांचा अपवाद सोडून, या पुरस्कारांस पात्र नसतात. शिक्षकांच्या गौरवासाठी १९५८ सालापासून निराळा राष्ट्रीय पुरस्कार आहे, तो शिक्षकदिनी दिला जातो.

पद्म पुरस्कारासाठी नाव सुचवण्याचा अधिकार केवळ मंत्र्यांना किंवा अधिकाऱ्यांना आहे, असा समज खेड्यांत सर्रास आढळतो. तो खरा नाही. कोणताही नागरिक केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर ठरलेल्या मुदतीत नाव सुचवू शकतो. त्यासाठी त्या व्यक्तीच्या कार्याचे वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहावे लागते. गावात एखादी वैदू बाई, एखादा लोककलावंत, एखादा झाडे लावणारा वृद्ध वर्षानुवर्षे निःस्वार्थ बुद्धीने काम करीत असतो. त्याच्याविषयी ८०० शब्द नेमकेपणाने, अतिशयोक्ती टाळून लिहू शकेल असा माणूस त्या गावात बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे शाळेचा शिक्षक.

हे सन्मान पदव्या आहेत काय?

हा प्रश्न अनेकदा उपस्थित झाला आहे. आचार्य कृपलानी यांनी १९६९ साली हे सन्मान बंद करण्यासाठी लोकसभेत विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही. १९७७ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने हे सन्मान बंद केले. जानेवारी १९८० मध्ये ते पुन्हा सुरू झाले. पुढे १९९१ साली मोरारजींनाच भारतरत्न देण्यात आले, हा इतिहासातील एक योग म्हणावा लागेल.

१९९२ साली केरळ व मध्य प्रदेश येथील उच्च न्यायालयांत या सन्मानांविरुद्ध अर्ज दाखल झाले. हे सन्मान म्हणजे अनुच्छेद १८ ने नष्ट केलेल्या पदव्याच होत, असे अर्जदारांचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. या काळात सन्मान थांबले. १९९३ ते १९९७ या वर्षांत एकही पद्म पुरस्कार दिला गेला नाही. अखेर १५ डिसेंबर १९९५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला. समतेचे तत्त्व म्हणजे गुणांची दखलच घेऊ नये असे नव्हे, यास्तव हे सन्मान घटनाविरोधी नाहीत. मात्र ते पदवीप्रमाणे नावाच्या आधी वा नंतर लावता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. कोणी तसे केल्यास त्याचा सन्मान काढून घेतला जाऊ शकतो, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

या निर्णयात सन्मान आणि पदवी यांतील सीमारेषा स्पष्ट झाली आहे. सन्मान माणसाने केलेल्या कामाचा असतो. पदवी माणसाच्या नावाला चिकटते. सन्मान सनदेवर, पदकावर आणि इतिहासात राहतो. नाव मात्र इतर नागरिकांच्या नावासारखेच राहते. 'डॉक्टर' हा शब्द नावाच्या आधी चालतो, कारण ती शैक्षणिक उपाधी आहे. परमवीर चक्राचे मानकरी आपल्या नावापुढे त्या सन्मानाचा उल्लेख करतात, कारण तो सैनिकी आहे. घटनेने हे दोन अपवाद मान्य केले आहेत. पद्म पुरस्कार व भारतरत्न त्यांत येत नाहीत.

यावरून निमंत्रणपत्रिकेचा प्रश्न सहज सुटतो. पाहुण्यांचे नाव साधे 'श्री.' अथवा 'श्रीमती' लिहून द्यावे. त्यांच्या कार्याचा परिचय करून देताना 'यांना अमुक साली पद्मश्री प्रदान करण्यात आला' असे वाक्य अवश्य लिहावे. तेथे ती माहिती असते आणि त्यात नियमभंग नाही. नावाच्या आधी लिहिल्यास मात्र आपण आदराच्या भरात आपल्याच पाहुण्यांस अडचणीत टाकतो.

शिक्षणासाठी झटलेले मानकरी

या सन्मानांच्या यादीत शिक्षणासाठी देह झिजविणाऱ्यांची नावे पुष्कळ आहेत. धोंडो केशव कर्वे यांना १९५५ साली पद्मविभूषण व १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न देण्यात आले. स्त्रीशिक्षणाचे त्यांचे कार्य सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तेथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी १९३६ साली, म्हणजे वयाच्या पंचाहत्तरीनंतर, एक मंडळ स्थापन केले होते, हे ग्रामीण शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांना १९५९ साली पद्मभूषण मिळाले. बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी बालकांचे शिक्षण अंगणात आणि कुरणात नेणाऱ्या ताराबाई मोडक यांना १९६२ साली पद्मभूषण, तर त्यांचे कार्य पुढे चालविणाऱ्या अनुताई वाघ यांना १९८५ साली पद्मश्री देण्यात आले.

आणि शाळेची पायरी न चढलेल्यांनाही हा मान मिळतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जतन करण्याचे कार्य केले; २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला जागा आहे, हे त्याला उमगले पाहिजे.

वर्गात काय करता येईल

पाचवीच्या पुढील वर्गांसाठी हा विषय दोन तासांत चांगला घेता येतो.

पहिल्या तासाला मुलांस पिंपळाचे एक एक पान आणावयास सांगावे. चौकटीच्या कागदावर ५.८ सेंटिमीटर लांब व ४.७ सेंटिमीटर रुंद असे पान काढवून घ्यावे. त्यात कंपासाने ०.८ सेंटिमीटर त्रिज्येचा सूर्य काढावा. शेजारी २.२ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यात कमळ रेखाटावे. अशा रीतीने भूमिती, चित्रकला व नागरिकशास्त्र यांचा मेळ बसतो आणि पदकांची मापे पाठ न करताही ध्यानात राहतात.

दुसऱ्या तासाला अनुच्छेद १७ व १८ एकत्र समजावून द्यावेत. नंतर प्रत्येक मुलाने आपल्या गावातील किंवा वाडीवरील एका व्यक्तीच्या सेवेविषयी दहा ओळी लिहाव्यात. केवळ घडलेली गोष्ट लिहावी, स्तुतीची विशेषणे वापरू नयेत. लिहून झाल्यावर त्या व्यक्तीचे नाव कोणत्याही उपाधीवाचून, साध्या अक्षरांत, वर्गाच्या फलकावर लिहावे.

फलकावर अशी वीस-पंचवीस नावे एकाखाली एक आली की त्यांपैकी कोणते मोठे व कोणते लहान, हे अक्षरांवरून कोणाला ओळखता येणार नाही. ते त्या नावांपुढे मुलांनी लिहिलेल्या कामावरूनच ओळखावे लागेल. अनुच्छेद १८ चा अर्थ मुलांना त्या वेळी निराळा सांगावा लागणार नाही.